पित्ताशयाची संथ बाजू

द्राहोश चेक देशातल्या उपित्से गावाच्या संगीतशाळेत मुलांना ड्रम शिकवायचा आणि त्याचं सांगणं एकच असायचं, आधी हळू. "हातांना घाईत काही कळत नाही, पोरांनो. त्यांना गोष्ट सावकाश सांगावी लागते." मुलं माना डोलवायची आणि पुढच्याच क्षणी पत्र्यावर गारा पडल्यासारखी सुटायची. द्राहोश रागवायचा नाही. गारा संपेपर्यंत थांबायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायचा.

शाळा सुटल्यावर मात्र तो स्वतःच गारपीट व्हायचा. त्याच्या बँडचं नाव होतं 'पित्ताशय'. ते गोरग्राइंड वाजवायचे, म्हणजे रक्तामांसाच्या विषयांवरचं कर्कश मेटल संगीत. गाणी अर्ध्या मिनिटाचीही नसत. विषय आतडी, फोड, कुजणं. गाणारा मोयमीर तुंबलेल्या मोरीतून पाणी जावं तसा घशातून घुरघुरायचा, आणि त्याच्या मागे द्राहोशचे हात दिसेनासे व्हायचे. हा मोयमीर एरवी ससे पाळायचा. त्यांना नावं दिलेली असल्यामुळे त्याने मांस खाणं केव्हाच सोडलं होतं. या संगीतातली माणसं बहुतेक अशीच, निवांत आणि हळव्या जिवाची.

त्या हिवाळ्यात द्राहोशची बोटं सुजली. सकाळी कपाची कडी पकडता यायची नाही. त्याने कुणाला सांगितलं नाही. कारण पित्ताशयची एक तबकडी निघणार होती, अर्धी त्यांची आणि अर्धी 'संध्याकाळचं शवविच्छेदन' या बँडची. एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला ते. दोन्ही बँड एकाच पंथाचे, पण स्वभावाने दोन टोकं. शवविच्छेदनवाले दलदलीतून बैलगाडी ओढल्यासारखे वाजवायचे. त्यांची हेडविका एकेक सूर असा लांबवायची की ऐकणाऱ्याला आपण कुठे बसलोय याचा विसर पडावा. त्यांच्याकडे ड्रमवाला नव्हता. ठेका यंत्र द्यायचं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी द्राहोशला सपाटून ताप होता. काय वाजवलं, कसं वाजवलं, त्याला धड आठवत नव्हतं. म्हणून मार्चच्या त्या दुपारी टपालाने कच्ची तबकडी आली तेव्हा ती पाकिटातून काढायला त्याने बराच वेळ लावला. तबकडी छापायच्या आधी अशा दोन-चार प्रती येतात. बँडने ऐकून 'हो' म्हटल्याशिवाय पुढचं काम होत नाही. पित्ताशयमध्ये पहिलं ऐकायचा मान ड्रमवाल्याचा. सगळ्यात आधी चुकतो तोच, असं मोयमीर म्हणायचा.

पाहुण्याची बाजू आधी ऐकायची आणि आपली नंतर, असा या लोकांचा रिवाज. द्राहोशने रेकॉर्डप्लेअरचा खटका मिनिटाला तेहतीस फेऱ्यांच्या वेगावर ठेवला, शवविच्छेदनची बाजू लावली आणि आरामखुर्चीत अंग टाकलं. खिडकीबाहेर छपरावरचं बर्फ वितळत होतं. हेडविकाचा आवाज खोलीत दाट सायीसारखा पसरला. बाजू संपली तेव्हा द्राहोश अर्धा झोपेत होता. तसाच उठला, तबकडी उलटली, सुई ठेवली आणि डोळे मिटून पुन्हा खुर्चीत कलंडला.

आणि त्याने स्वतःला ऐकलं.

ती गारपीट नव्हती. कुणीतरी जाड बर्फातून चालत होतं, एकेक पाऊल रोवून. दोन ठोक्यांच्या मध्ये जागा होती, आणि त्या जागेत झांजेचा आवाज धुक्यासारखा तरंगत होता. मोयमीरची घुरघुर जमिनीखालून वाहणाऱ्या पाण्यासारखी येत होती. द्राहोशला वाटलं, आपण त्या पाण्यात पाठीवर पडून वाहतोय. वर झाडं हळूहळू सरकताहेत, एक गाय काठावरून आपल्याकडे बघतेय, आणि कुणालाच कुठे पोचायचं नाहीये. इतकं शांत त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

सुई शेवटच्या रेघेत खरखरू लागली तेव्हा तो जागा झाला. उजेड पिवळा पडला होता. आणि मग त्याला अर्थ लागला. हे इतकं हळू आपण वाजवलं. तापात कळलं नाही, पण हातांनी साथ सोडली होती. आणि बाकीचे भल्या मनाने आपल्या पायरीवर उतरून, आपल्याबरोबर सावकाश चालत राहिले होते.

त्याने पुन्हा ऐकायची हिंमत केली नाही. तबकडी काखेत मारली आणि तो अग्निशमन दलाच्या जुन्या शेडकडे निघाला. दोन्ही बँड तिथेच सराव करायचे.

शेडमध्ये मोयमीर शेगडीवर मनुका भरलेले डंपलिंगचे गोळे उकडत होता. हेडविका तारांचा गुंता सोडवत बसली होती.

"या, गुरुजी!" मोयमीर ओरडला. "ऐकलंत का? नापास कोण?"

"मी," द्राहोश म्हणाला. "मोयमीर, मी थांबतोय. जुलैच्या महोत्सवासाठी दुसरा कुणी बघ."

मोयमीरच्या हातातली पळी तशीच राहिली. "डोकं फिरलं का तुझं?"

"हात गेलेत. तुम्ही मला सांगितलं नाहीत, हा तुमचा चांगुलपणा. पण तबकडी खोटं बोलत नाही. पित्ताशय नाही राहिलं ते. म्हशी पाण्यातून चाललेल्या वाटतात."

"म्हशी?" मोयमीरने हेडविकाकडे पाहिलं. "अगं, आम्ही त्या दिवशी याच्यामागे धावून धावून मेलो. मला श्वास घ्यायला जागा नव्हती. तिसऱ्या गाण्यात मी अक्षरशः ओकलो. ते ठेवलंय तसंच, चांगलं वाटतं."

 हेडविका उठली. तिने द्राहोशच्या काखेतली तबकडी घेतली, कोपऱ्यातल्या जुनाट रेकॉर्डप्लेअरवर ठेवली आणि विचारलं, "आमची बाजू आधी ऐकलीस ना?"

"अर्थात. रिवाजच आहे."

"आणि मग खटका बदललास?"

द्राहोशने वळून खटक्याकडे पाहिलं.

"आमची तेहतीसवर आहे," हेडविका म्हणाली. "तुमची पंचेचाळीसवर." तिने खटका सरकवून सुई ठेवली.

गारा कोसळल्या. शेडच्या काचा थरथरल्या. मोयमीर हसून हसून शेगडीवर पडायचा राहिला. "दुसऱ्या कुठल्या संगीतात असं होईल, सांग! दुसरा बँड असता तर गाणाऱ्याचा आवाज ऐकूनच कळलं असतं. आमचा आवाज मुळातच गटारातला, त्याला काय तेहतीस आणि काय पंचेचाळीस!"

द्राहोशही हसला. पण हसता हसता तो ऐकत होता. शेवटच्या गाण्यात डावा हात दोनदा मागे पडला होता. फार नाही. मोयमीरला ते कधीच कळलं नसतं. त्याला कळलं. सुई उचलल्यावर तो आपल्या बोटांकडे बघत म्हणाला, "म्हशी नसल्या तरी, हात दुखतात रे माझे. जुलैपर्यंत ओढेन. त्यापुढे हा वेग नाही जमायचा."

या वेळी मोयमीरने थट्टा केली नाही. त्याने ताटलीत डंपलिंग घातलं, वर पनीर किसलं, वितळलेलं लोणी ओतलं आणि ताटली द्राहोशच्या मांडीवर ठेवली. "खा आधी. जुलै तर जुलै."

हेडविका अजून रेकॉर्डप्लेअरपाशीच उभी होती. "मीही चुकले होते," ती म्हणाली.

"कशात?"

"आमच्याकडे कच्ची प्रत परवा आली. आमची बाजू तेहतीसची, म्हणून मी खटक्याला हात लावला नाही आणि तुमची तशीच ऐकली. चूक लगेच कळली. पण खटका सरकवला नाही. संध्याकाळभर तेच ऐकत राहिले." ती जराशी लाजली. "आमचं ते ठेक्याचं यंत्र ठोके मोजतं, द्राहोश. मधली जागा त्याला कळत नाही. तुझं ते म्हशींचं चालणं… मला तसा ड्रमवाला हवाय. विचारू कसं, म्हणून दोन दिवस या तारा सोडवत बसलेय."

"अगं पण तो मी नव्हतोच. ती खटक्याची चूक होती."

"मग वाजवून दाखव, की तू नाहीस."

"जा ना, गुरुजी," मोयमीर घास तोंडात ठेवून म्हणाला. "मुलांना रोज सांगता तेच करायचंय. का ते फक्त दुसऱ्यांच्या पोरांसाठी?"

द्राहोशने ताटली खाली ठेवली. हातांचं लोणी विजारीला पुसलं. ड्रममागे बसून त्याने काठ्या नेहमीपेक्षा सैल धरल्या, मुलांना दाखवतो तशा. हेडविकाने ठेका देणाऱ्या यंत्राची वायर भिंतीतून उपटली.

त्याने एक ठोका दिला आणि थांबला. हात पुढच्या ठोक्याकडे धावायला बघत होते. त्याने त्यांना धावू दिलं नाही. झांजेचा नाद शेडच्या छपरापर्यंत गेला, तिथे थोडा रेंगाळला आणि पातळ होत खाली आला. बोटं दुखत होती, पण त्या दुखण्यालाही आता पुरेशी जागा होती. नाद अगदी विरत आला तेव्हा त्याने दुसरा ठोका दिला, आणि हेडविकाने डोळे मिटून श्वास घेतला.