सिप्रियनचे लग्न

“मी काही आत यायची नाही,” व्हिटालिन म्हणाली आणि पायरीवर आणखी ऐसपैस बसली. “फादरना सांग, आजाऱ्याला पवित्र तेल लावा, प्रार्थना म्हणा, कोको घ्या आणि या. लग्नबिग्न काही नाही.”

“ताई, ते चढावर दिसायला लागलेत. निदान तोंड तरी धुऊन घे.”

“तोंड माझं स्वच्छ आहे.”

क्लीटस टेलेसफोर्डने हॅट काढून कपाळ पुसले. भर दुपार होती आणि शहरापासून इथवरची वाट तो जवळजवळ धावत आला होता. शहरातल्या सरकारी कचेरीत तो कारकून होता. ग्रेनाडा बेटावर कोणी मृत्युपत्र न करता मेला आणि कायद्याला दिसेल असा वारस मागे नसला, की त्याचे घरदार राजाच्या नावे जमा होई आणि पुढे लिलावात जाई. राजाला काही समुद्र ओलांडून दाराला कुलूप घालायला सवड नव्हती, म्हणून ते काम क्लीटसकडे होते. दारावर फीत ताणायची, लाख वितळवायची, तिच्यावर मोहर उठवायची. या कामात त्याची उमर गेली होती. गवतावरून आडवाट असली तरी हा गृहस्थ रस्त्यानेच जायचा आणि लाखेचा एक थेंब फितीबाहेर सांडला तर खरवडून पुन्हा लावायचा. लोक त्याला भेटले की अदबीने नमस्कार करत आणि त्याची पाठ वळली की थुंकत.

आता आतल्या पलंगावर सिप्रियन मॉडेस्ट मरायला टेकला होता. तो सुतार. हे घर त्याने स्वतःच्या हाताने बांधले होते, मागची जायफळाची झाडे त्याने लावली होती आणि क्लीटसच्या थोरल्या बहिणीबरोबर तो तीस वर्षे इथे राहत होता. लग्न मात्र राहून गेले होते. त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते. गावात सगळ्यांचेच असे चाले. आधी संसार, मग पोरे, मग घर, आणि हाती चार पैसे आले की केक, फिडलवाला आणि काळा कोट यांसह वाजतगाजत लग्न. सिप्रियनचे चार पैसे कधी व्हरांड्यात गेले, कधी वादळाने उडालेल्या छपरात, तर कधी मुलीच्या पनामाच्या तिकिटात. पण कायद्याच्या डोळ्याला फक्त चर्चची वही दिसते. त्या वहीत नाव नाही म्हणून व्हिटालिन सिप्रियनची कोणी नव्हती आणि ती पनामातली मुलगीही कोणी नव्हती.

“मृत्युपत्र कर म्हणून किती वेळा घसा फोडला मी याच्यापुढं,” क्लीटस म्हणाला. “तर म्हणतो कसा, मेव्हण्या, तू माणसाकडं बघतोस आणि तुला कुलूप दिसतं!”

“खरंच दिसतं तुला.”

“आता वाचा गेली त्याची. मुक्या माणसाची अशी मृत्युपत्रं कोर्टात फेकून दिलेली मी पाहिलीत, ताई. पण फादरच्या वहीला कोणी हात लावत नाही. त्यानं नुसता हात दाबला, तरी फादरना चालतं. एवढंच उरलंय.”

व्हिटालिनने पदराशी चाळा करावा तसा ॲप्रनचा कोपरा पिळला. मंगळवारी सिप्रियनला झटका आला, त्यात त्याची उजवी बाजू आणि जीभ गेली. तेव्हापासून ती झोपली नव्हती.

“मंगळवारपासून मी त्याला सांगतेय, उठशील, पावसाच्या आत उठशील,” ती म्हणाली. “आता फादरसमोर उभी राहू? पलंगावरचं लग्न कधी लावतात ते त्याला ठाऊक नाही? मी हो म्हटलं म्हणजे तू मरतोस असं मीच त्याला सांगितलं. माझ्यानं नाही व्हायचं ते.”

“आणि सोमवारी कचेरी उघडली, मी फीत घेऊन दारात आलो म्हणजे?”

तिच्या हातून ॲप्रनचा कोपरा सुटला. “तू येशील?”

“मलाच पाठवतील.”

“सोड नोकरी.”

“सोडली तर दुसरा येईल. तो तुला दार उघड म्हणेल, ताई नाही म्हणणार.”

शेजारची मा ऑलिव्ह कुंपणापाशी केव्हाची कान देऊन उभी होती. तिने आता ते कानही लपवले नाहीत.

“अगं बाई, मरतोय कोण?” ती ओरडली. “त्या ल्युसीलचं लग्न असंच लागलं की पलंगावर! फादरनी पुस्तक मिटलं, अन् तिचा नवरा उठून सूप मागायला लागला. अजून छळतोय तिला मेला, दर रविवारी कोंबडी पाहिजे त्याला!”

व्हिटालिन हसली नाही, पण उठली. ल्युसीलचा नवरा साऱ्या गावाने पाहिला होता, ते काही नाकारता येत नव्हते. तिने तोंडावर पाणी मारले, हॅट घातली आणि फादर कॉनरनच्या मागून आत गेली. क्लीटसच्या छातीवरचा दगड तेवढ्यापुरता हलला.

सिप्रियनचा श्वास घरघरत होता, पण डावा डोळा स्वच्छ होता आणि त्या डोळ्याने त्याने हॅटसकट व्हिटालिनला नीट पाहून घेतले. फादर वेळ दवडणारे नव्हते. त्यांनी तिला विचारले. ती मोठ्याने “हो” म्हणाली, दारातल्या मा ऑलिव्हला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मग फादरनी सिप्रियनचा डावा हात हातात घेतला.

“ही तुला पत्नी म्हणून मान्य असेल तर माझा हात दाब.”

सिप्रियनने हात काढून घेतला.

व्हिटालिन एक पाऊल मागे सरली. तो हात पलंगाच्या कडेवरून खाली गेला आणि पलंगाखाली कशाकडे तरी बोट दाखवू लागला.

“बूट,” व्हिटालिन कुजबुजली. “लग्नाचे बूट मागतोय.”

खोक्यात ते कित्येक वर्षे तसेच पडून होते, काळे, न घातलेले. अनवाणी लग्नाला उभा राहील तो सिप्रियन मॉडेस्ट नव्हे! क्लीटसला त्याचा राग आला, रडूही आले.

“फादर, विचारा ना पुन्हा. बुटांचं काय घेऊन बसलात!”

“तो थांबा म्हणतोय,” फादर म्हणाले. “मी हो कसं धरू?”

क्लीटस गुडघ्यांवर बसला. डावा बूट खोबरेल लावून चढला. उजवा पाय मात्र मेलेला, सुजून भोपळा झालेला. टाच आत जाईना. मा ऑलिव्हने साबण आणला, व्हिटालिनने पोटरी धरली, क्लीटसने जोर लावला. श्वास आता थांबून थांबून येत होता.

“काप तो!” व्हिटालिन म्हणाली. “मागून काप.”

तिने सिप्रियनची सुरी क्लीटसच्या हातात दिली. एक फटका मारायचा अवकाश, चामडे फाकले असते. पण क्लीटस आयुष्यात कधी कशावर फटका मारणारा नव्हता. नव्या बुटाची नासाडी नको, पुन्हा शिवता येईल, या हिशेबाने तो टाचेवरचा एकेक टाका उसवत गेला. हात चांगला चालत होता. टाके संपले, टाच आत गेली, वर नाडी बांधून तो म्हणाला, “झालं. विचारा, फादर.”

फादरनी हात धरला, विचारले आणि वाट पाहिली. पुन्हा विचारले. मग त्यांनी वाकून सिप्रियनच्या नाकाशी गाल नेला.

“दाबला!” क्लीटस ओरडला. “दाबला त्यानं, मी पाहिलं. आधीच दाबला. लिहा तुम्ही.”

त्याच्या तोंडून असले खोटे कधी निघाले नव्हते. त्यामुळे ते त्याला बोलताही नीट आले नाही. घाम फुटून तो फादरकडे पाहत राहिला. फादर व्हिटालिनकडे वळले. त्यांचा आवाज मऊ होता, आणि तिने नुसती मान हलवली असती तरी त्यांनी वही उघडली असती, असे क्लीटसला पुढे जन्मभर वाटत राहिले.

“पोरी, तू सांग.”

व्हिटालिनने सिप्रियनचे डोळे मिटले. घर तिच्या चारी बाजूंनी उभे होते, फळीन् फळी त्याच्या हातची.

“नाही दाबला, फादर.”

“ताई!”

“नाही दाबला म्हणते ना. मी होते इथं.”

त्याला बुटांसकट पुरले. सोमवारी क्लीटस आला. बरोबर कचेरीचा शिपाई होता. व्हिटालिनने घर झाडून ठेवले होते. आपले कपडे आणि दोन पातेली गाठोड्यात बांधून ती मा ऑलिव्हच्या कुंपणापाशी ठेवून आली होती. मृताशी नाते काय, हे विचारायचा नियम होता. क्लीटसने ते न विचारताच ‘काही नाही’ असे लिहून टाकले आणि कागदाची घाईने घडी केली.

दाराच्या दोन्ही फळ्यांवर त्याने फीत ताणली. समुद्राकडून वारा सुटला होता. लाख वितळवायची मेणबत्ती विझली. त्याने पुन्हा लावली, पुन्हा विझली. लाखेची कांडी त्याच्या हातात तशीच राहिली आणि शिपाई मागे उभा राहून खाकरत होता.

व्हिटालिन पायऱ्या चढून वर आली. तिने दोन्ही तळव्यांचा आडोसा ज्योतीभोवती धरला आणि ज्योत सरळ होईपर्यंत तशीच उभी राहिली.

“हं,” ती म्हणाली, “आता लाव.”