वाचून दाखवला, मान्य आहे

बारा वर्षं मी चर्चच्या कोर्टात नोटरी आहे, आणि बारा वर्षं मी खोटी सही करत आले. कोणाला लुबाडलं वगैरे नाही. आमच्या प्रत्येक जबाबाच्या शेवटी एक ओळ आधीच टाइप केलेली असते: "जबाब साक्षीदाराला वाचून दाखवला, त्यांना तो मान्य आहे." वाचून कोणी दाखवत नाही. साक्षीदाराला घरी जायची घाई, न्यायाधीश फादरांना पुढच्या कामाची, मला जेवणाची. कायदा सांगतो वाचा, आम्ही खाली सही ठोकतो आणि मोकळे होतो.

गेल्या महिन्यात एक फाइल वरच्या कोर्टातून परत आली. साक्षीदाराने कळवलं होतं की मी असं बोललोच नाही आणि मला कोणी काही वाचून दाखवलं नाही. जबाब रद्द. ज्याची ती फाइल होती तो गवंडी तीन वर्षं निकालाची वाट बघत होता. "म्हणजे परत पहिल्यापासून?" एवढंच म्हणाला. त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला स्वतःची लाज वाटली. त्या दिवशी ठरवलं, यापुढे वाचल्याशिवाय सही नाही. साक्षात बिशप समोर उभे राहिले तरी नाही.

त्यानंतरची पहिली साक्ष एका आईची होती.

तिच्या मुलीचा अर्ज आमच्याकडे होता. चर्चच्या कायद्यात घटस्फोट नसतो. पण लग्नातला होकारच धाकदपटशाने घेतलेला होता हे सिद्ध झालं, तर ते लग्न मुळात झालंच नाही असं कोर्ट जाहीर करू शकतं. मुलीने लिहिलं होतं की आईने मला तीन दिवस कोंडून ठेवलं, म्हणून मी हो म्हणाले. नवरा चौदा महिन्यांत निघून गेला होता, वडील वारले होते. त्या तीन दिवसांची साक्षीदार म्हणजे ही एकटी आई. तिने हो म्हटलं तर मुलगी सुटणार होती, नाही म्हटलं तर जन्माची अडकणार होती.

आई टापटीप बाई. पर्स मांडीवर, पाठ ताठ.

"मुलीला हे लग्न करायचं होतं?" फादरांनी विचारलं.

"हो म्हणाली की ती."

"स्वतःहून?"

"आता आईबाप चार गोष्टी सांगतात, त्याला काय जबरदस्ती म्हणायची, फादर? चर्चमध्ये अल्तारासमोर, सगळ्यांदेखत हो म्हणाली. तेव्हा काय तोंडात मूग धरले होते?"

आमची पद्धत अशी की साक्षीदार बोलतो, फादर त्याचं सार सांगतात आणि मी टाइप करते. फादर म्हणाले, "लिहा. मुलीने स्वेच्छेने संमती दिली. कोणतीही जबरदस्ती नव्हती."

मी लिहिलं. अर्ज मी वाचलेला होता, जीभ नुसती वळवळत होती. पण साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालणारी नोटरी कामातूनच गेली म्हणायची. माझ्या हातात एकच गोष्ट होती.

फादर उठले. "सही घ्या त्यांची. मला दफनविधीला जायचंय."

"आधी वाचून दाखवते, फादर."

"अहो, त्यांना ठाऊक आहे त्या काय बोलल्या ते."

"मग ऐकायला काय हरकत आहे? दोन पानं, सहा मिनिटं."

"आज काय अंगात आलंय तुमच्या?"

"कायदा," मी म्हणाले. "तुम्हीच शिकवलाय. नोटरीच्या सहीशिवाय हा कागद रद्दी आहे, आणि न वाचता मी सही करणार नाही."

आवाज घट्ट ठेवला. फादर माझ्याकडे बघत राहिले, मग खुर्ची ओढून बसले. माणूस भला आहे. "वाचा," ते म्हणाले. "ज्याला पुरायचंय त्याला तरी कुठे घाई आहे!"

मी वाचायला लागले. नाव, वय, पत्ता, लग्नाची तारीख. आई प्रत्येक ओळीला मान हलवत होती. मी ते वाक्य वाचलं आणि मान थांबली.

"परत वाच."

"मुलीने स्वेच्छेने संमती दिली. कोणतीही जबरदस्ती नव्हती."

"हे मी बोलले?"

"साधारण असंच बोललात, मावशी," फादर म्हणाले. "बदलायचं असेल तर आत्ता बदला. तो तुमचा हक्क आहे."

तिने माझ्या हातातल्या कागदाकडे बोट दाखवलं.

"माझ्या तोंडात होतं तोवर ठीक वाटत होतं," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या तोंडून ऐकवत नाही." मग एका दमात म्हणाली, "कडी लावली होती मी. बाहेरून. तीन दिवस. ताट खिडकीतून द्यायची. तिसऱ्या दिवशी म्हटलं, नाही म्हणालीस तर माझं मढं बघशील. मग हो म्हणाली."

"त्या बोलल्या तसंच लिहा," फादर मला म्हणाले. "एक शब्द बदलू नका." मग तिला विचारलं, "आधीचं वाक्य काढून टाकू?"

"राहू दे. आधी मी तसंही बोलले, ते पण राहू दे." तिने पर्सचं बक्कल उघडलं, बंद केलं. "हे माझ्या लेकीला वाचायला मिळतं का?"

"मिळतं. निकालाआधी दोन्ही बाजूंना सगळे जबाब इथे बसून वाचता येतात," मी म्हणाले.

"मग खाली अजून एक लिही. चूक माझी होती, तिची नव्हती."

असलं वाक्य आलं की फादर नेहमी म्हणतात, हे प्रश्नाला धरून नाही. त्यांनी तोंड उघडलंही.

"लिहू द्या, फादर," ती म्हणाली. "सहा वर्षं मला दारात उभी करत नाही ती. कोर्टाचा कागद तरी वाचेल."

फादरांनी घड्याळ काढून खिशात टाकलं. "लिहा," ते म्हणाले.