शापाच्या झाडाची राखण

सात वर्षं चाललेली मालिका ऐन रंगात आल्यावर बंद पडली की माणसं काय करतात? शिव्या देतात. गेल्या जूनमध्ये कर्जतपासून खालापुरापर्यंत लोकांनी तेच केलं. 'अरण्यशिळा' मालिकेतल्या राणीचा मुलगा मारला गेला, म्हणून तिनं सगळ्या अरण्याला शाप दिला. त्या शापानं अरण्य वाळलं आणि ती स्वतःही पायापासून दगड होत चालली. अशी ती बाई सात वर्षांनी एकदाची अरण्याच्या मधोमध उभ्या असलेल्या वाळक्या झाडापाशी पोचली, त्याला हात लावायला बोटं उचलली, आणि पडद्यावर पाटी आली की थोड्या विश्रांतीनंतर परत भेटू. आता ही काय थांबायची जागा झाली? खालापूरच्या स्टँडवरचा एक कंडक्टर म्हणे दुसऱ्या दिवशी घंटी मारायलाच विसरला, इतका त्याला घोर लागला होता.

त्या झाडाला फूल आलं की शाप उतरणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. फूल कधी येणार, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून वाडीतला जो तो पोशाला धरायचा आणि विचारायचा, पुढं काय होणार रं?

पोशा ठाकर, वय पन्नाशीच्या अलीकडचं, राहणार भिवपुरीच्या पलीकडे डोंगराखालच्या वाडीत. वाडीच्या वरच्या माळावर मालिकेचा सेट होता. फायबरचे दगड, थर्माकोलचा राजवाडा आणि मधोमध ते शापाचं झाड. विश्रांतीच्या काळात या सगळ्याची राखण पोशाकडे होती. त्याला पुढचं ठाऊक असणार, असं लोक धरूनच चालले होते. पोशाला डोंबल ठाऊक होतं. तो गालातल्या गालात हसायचा आणि तंबाखू मळत निघून जायचा. लोकांना वाटायचं, मोठा पोचलेला माणूस आहे, पोटातलं ओठावर येऊ देत नाही.

ही राखण त्याला मिळाली ती दीक्षामुळं. दीक्षा भिवपुरीची, वीजघराच्या चाळीत वाढलेली पोर. दोन वर्षं सेटवर कपड्यांना इस्त्री केल्यावर तिला बरं काम मिळालं होतं. आदल्या दिवशी राणीची बट डाव्या कानामागं असेल तर दुसऱ्या दिवशीही ती तिथंच हवी, दगडावर तीन काटक्या असतील तर तीनच हव्यात, हे बघायचं. त्यासाठी प्रत्येक वस्तूचे फोटो काढून ठेवायचे. कंपनी मुंबईहून राखणदार आणणार होती. दीक्षानं दिग्दर्शकाला सांगितलं की पोशाकाकांना ठेवा, जबाबदारी माझी. आणि जाताना पोशाला बजावलं, "काका, राणी जिथं थांबलीय तिथूनच परत सुरू होणार. काडी इकडची तिकडं झाली तर माझी नोकरी गेली म्हणून समजा."

पोशानं तिला शब्द दिला. ठाकराचा शब्द म्हणजे काही निवडणुकीतला शब्द नव्हे.

आता ऐका, गोम कुठं होती ती. शापाचं झाड आधी फायबरचं होतं. मार्चमध्ये वाऱ्यानं ते आडवं केलं आणि त्याचे चार तुकडे झाले. दिग्दर्शक साईनाथ सर म्हणजे घायकुतीला आलेला माणूस. त्यांनी पोशाला सांगितलं, उद्यापर्यंत मोठं वाळकं झाड आणून उभं कर. पोशानं विचार केला. वाळकं लाकूड जमिनीत पुरलं तर महिन्याभरात वाळवी लागणार, आणि एखाद्या दिवशी ते राणीच्याच डोक्यात पडणार. त्यापेक्षा आपण कुंपणाला लावतो तो पांगारा काय वाईट? फुलं गळून गेलेली, पालवी अजून फुटायची होती. अंगावर एक पान नाही, बघणाऱ्याला मेलेलाच वाटावा. त्यानं बांधावरच्या जुन्या पांगाऱ्याचा फांद्याफांद्यांचा मोठा डाहळा तोडला, चौघांनी खांद्यावर वाहून आणला, कमरेइतका खड्डा घेऊन पुरला. पेंटरनं वरून काळा रंग फासला. साईनाथ सर म्हणाले, वा, याहून मेलेलं झाड मी पाहिलं नाही. पोशाची छाती फुगली. चांगलं काम करायचं ही त्याची खोड, आणि त्या खोडीनंच त्याला गोत्यात आणलं.

कारण पांगारा पुरला की जगतो. डोंगरातल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. त्यासाठीच तर कुंपणाला तो लावायचा. पण कुंपण आणि शापाचं झाड या दोन गोष्टी पोशाच्या डोक्यात दोन वेगळ्या कप्प्यांत होत्या. जूनच्या शेवटाला तो सेटवर चक्कर मारायला गेला, तर काळ्या रंगाच्या भेगांतून पोपटी कोंब बाहेर आले होते. कुंपणानंच शेत खाल्लं, दुसरं काय.

त्यानं कोंब खुडले. चार दिवसांनी पुन्हा आले, पुन्हा खुडले. सगळा पावसाळा हाच धंदा झाला. लोक भात लावत होते आणि हा भल्या पहाटे झाडावर चढून पानं ओरबाडत होता. दुसरं झाड आणून लावावं, तर फांदी न् फांदी दीक्षाच्या फोटोत होती. पांगाऱ्याला काटे असतात, त्याचे हात कोपरापर्यंत फाटले. बायको चिंधीनं विचारलं तर म्हणाला, करवंदीच्या जाळीत गेलो होतो. दर रविवारी दीक्षाचा मुंबईहून फोन यायचा, सगळं आहे तसं आहे ना काका? तो म्हणायचा, हाय तसंच. तोवर जन्मात खोटं न बोललेला माणूस, फोन ठेवला की त्याला भाकरी गोड लागत नसे.

आणि खरं सांगायचं तर त्याला त्या झाडाची भीती वाटू लागली होती. राग नाही, भीती. आपण रोज मारतो आणि हे रोज उठतं. शिवी देत नाही, शाप देत नाही, नुसतं उठतं. एकदा खुडता खुडता तो थांबला आणि कोंबाकडं बघत राहिला. नखाएवढा तो जीव उन्हात चकाकत होता. पोशानं त्याला हात जोडले आणि मग खुडला.

थंडीत झाडानं स्वतःच हट्ट सोडला. कोंब येईनात. पोशाला वाटलं, सुटलो. मालिका परत येणार अशा जाहिराती सुरू झाल्या, कर्जतच्या बाजारात राणीचे फलक लागले. फेब्रुवारीच्या मध्यावर शूटिंग होतं आणि मार्चच्या पहिल्या सोमवारी भाग दिसणार होता. अन् शूटिंगला दहा दिवस उरले असताना फांद्यांच्या टोकांना कळ्या धरल्या.

आता पानाचं एक वेळ ठीक. पण फूल? फूल आलं की शाप उतरला, गोष्ट संपली. सात वर्षांची गोष्ट आपल्या एका झाडापायी बुडणार, आणि तिच्याबरोबर दीक्षाची नोकरी. पोशा दिवसातून दोनदा झाडावर चढू लागला. कळ्या खुडून खिशात घालायचा आणि जाता जाता ओढ्यात टाकायचा. पाण्यावर त्या लांबपर्यंत दिसत राहायच्या.

शूटिंगच्या आदल्या दिवशी, ऊन कलायच्या सुमाराला, चिंधी सेटवर आली. सदरा धुताना तिला खिशात चुरगळलेल्या लाल कळ्या सापडल्या होत्या. चिंधी राणीची भक्तच म्हणा ना. तिचं स्वतःचं पहिलं लेकरू तापानं गेलं होतं, त्याला वीस वर्षं झाली. त्याविषयी ती कधी बोलत नसे, पण राणी रडली की हिच्या डोळ्याला पदर लागायचा. ती झाडाखाली उभी राहिली. वर नवरा फांदीला लोंबकळून कळ्या तोडत होता.

मग म्हणाली, "ती बाई सात वरसं ह्याच्या फुलाची वाट बघतेय. मी बी बघतेय. अन् तू तोडून खिशात घालतोस?"

पोशानं वरूनच समजावलं, की अगं ती गोष्ट खोटी, हा आपला साधा पांगारा हाय. त्यावर चिंधी म्हणाली, "साधा हाय म्हणून तर उठला. खोटा असता तर उठला असता का रं?"

पोशा फांदीवर बसून राहिला. त्याच्या हातात एक कळी होती, ती त्यानं तोडली नव्हती, नुसती धरली होती. ती गार होती, आणि आतून ताठ. आठ महिने आपण राखण करत होतो की मारत होतो, हे त्याला त्या क्षणी धड सांगता आलं नसतं. त्याला भारी लाज वाटली. तो खाली उतरला. अर्ध्याहून जास्त कळ्या झाडावर तशाच राहिल्या.

त्यानं दीक्षाला फोन लावला आणि मार्चपासूनचं सगळं एका दमात सांगून टाकलं. ती पोर एवढंच म्हणाली की सकाळी बघू काका, आणि तिनं फोन ठेवला.

सकाळी पोशा माळावर पोचला तेव्हा ऊन नुकतंच डोंगर उतरत होतं. आणि झाड पेटलं होतं. दुसरा शब्दच नाही. काळ्या नागड्या फांद्या, एक पान नाही, आणि टोकाटोकाला लालभडक घोस. मैना, बुलबुल, कावळे, कोतवाल, सगळ्या रानाला सांगावा गेल्यासारखे पक्षी तिथं जमले होते आणि त्यांनी नुसता कालवा मांडला होता. पोशानं जन्मभर पांगारे फुललेले पाहिले होते. पण त्यानं आठ महिने मारलेला पांगारा फुललेला त्यानं कधी पाहिला नव्हता. तो तिथंच खाली बसला.

गाड्या आल्या. साठ-सत्तर माणसं उतरली, कोण दिवे उतरवतोय, कोण चहाची किटली. एकेकाची नजर झाडाकडं गेली आणि एकेकानं हातातलं खाली ठेवलं. जनरेटरवाल्यानं, कुणी न सांगता, जनरेटर बंद केला. राणीचं काम करणाऱ्या बाईंना खुर्चीत बसवून आणलं, कारण कमरेपर्यंत त्यांना दगडाचा लेप होता आणि चालता येत नव्हतं. त्यांनी झाड पाहिलं. सात वर्षं ज्या फुलासाठी खोटं खोटं रडल्या, ते फूल वर होतं. त्यांनी हात पुढं केला, आणि एका मैनेनं हलवलेल्या घोसातली लाल पाकळी त्यांच्या तळहातावर येऊन पडली.

पोशा धडपडत साईनाथ सरांपुढं गेला. म्हणाला, "चूक माझी हाय, साहेब. झाड मी जितं आणलं. ह्या पोरीचा काय बी दोष नाय." दीक्षा पुढं झाली आणि म्हणाली की जबाबदारी मी घेतली होती, तेव्हा चूक माझीच. साईनाथ सरांनी दोघांकडं पाहिलंच नाही. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि कॅमेरा सुरू करायची खूण केली. त्या दिवशी राणी रडली ती बिनबोलता रडली, आणि कॅमेऱ्यामागं उभी असलेली माणसंही डोळे पुसत होती. असं म्हणतात की तो प्रसंग दुसऱ्यांदा घ्यावा लागला नाही.

दुपारी मुंबईला फोनाफोनी झाली. लेखकांनी आधी आरडाओरडा केला, कारण फूल म्हणे दोन वर्षांनी यायचं होतं. मग फोटो बघून ते नव्यानं लिहायला बसले. संध्याकाळी साईनाथ सरांनी दीक्षाला बोलावून सांगितलं की नव्यानं सगळे फोटो काढ. त्यावरूनच तिला कळलं की नोकरी आहे. मग ते पोशाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पोशा, महिनाभर ही फुलं अशीच हवीत. एकही गळता कामा नये. राखशील ना?"

पोशा या माणसाला कधी नाही म्हणाला नव्हता. त्यानं झाडाकडं पाहिलं.

"नाय साहेब," तो म्हणाला. "ते माझ्या हातात नाय. तुमीच घाई करा."

मग काय सांगता, जी मालिका राणीच्या एका उसाशाला दोन भाग लावायची, ती पळू लागली. नऊ दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत माणसं त्या झाडाच्या तालावर नाचली. फुलं गळायची तशी गोष्ट पुढं सरकायची.

मार्चच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी अख्खी वाडी मोतीबाईच्या ओटीवर टीव्हीपुढं जमली. राणीनं बोटं उचलली होती, तिथूनच भाग सुरू झाला. आणि तो लाल रंग पडद्यावर आला तसे सगळे पुढं सरकले. मोतीबाईचा मुलगा जैतू हळूच म्हणाला, की कॉम्प्युटरवर केलंय, खरं असं होतं व्हय कुठं. चिंधीनं त्याला गप्प बसवलं. ती पोशाच्या शेजारी बसली होती. त्याच्या हातावरच्या काट्यांच्या खुणांवरून तिचं बोट फिरत होतं आणि डोळे पडद्यावर होते. राणीच्या पायाचा दगड तडकला आणि भाग संपला.

सगळ्यांनी सवयीनं पोशाकडं तोंड वळवलं. चिंधीनंच विचारलं, "पुढं काय होणार रं?"

पोशा त्याच दिवशी सकाळी माळावर जाऊन आला होता. या खेपेला त्याला ठाऊक होतं.

"आता पानं येणार," तो म्हणाला.