आखाडीचे दोन गंज

हिंगणीत मनोहररावांच्या मिशीला आणि जिभेला नावं ठेवायची कुणाची टाप नव्हती. आषाढात शेतावर होणाऱ्या आखाडीच्या जेवणात मटणाचा पहिला तुकडा त्यांच्या तोंडात जायचा, ते मान डोलवायचे, मगच पंगत बसायची. आणि अशा माणसाची सून आचल काय करत होती, तर सोयाबीनचं मटण! विकायला!

पहिलं झालं चपलेसारखं, दुसरं उपम्यासारखं. मनोहरराव हसून हसून बेजार. पण पोरगी हटते काय! तिनं गव्हाची कणीक पाण्यात धुऊन चिवट गोळा काढला, त्यात सोयाबीनचं पीठ मळलं आणि सासूबाई, म्हणजे मंदाबाई, हातशेवया ओढतात तसा तो ओढायचा, दुमडायचा, पुन्हा ओढायचा असा सपाटा लावला. शिजवून फाडलं तर आत मटणासारख्या रेषाच रेषा.

"बाबा, असली कोणतं अन् नकली कोणतं, आखाडीले तुमीच ओळखा," ती म्हणाली. "ओळखलं तं माह्या धंदा बंद."

"अन् नाई ओळखलं तं मिशी उतरवतो!" मनोहरराव भर चौकात गरजले. झालं, गावाला आणखी काय पाहिजे!

आखाडीला शेतात चुलींवर दोन गंज, म्हणजे मोठाली पातेली, चढले; एकात बकऱ्याचं मटण, एकात आचलचं. रस्सा दोन्हींत सारखाच, लालभडक. "नकली म्हणसान तो गंज बायांच्या पंगतीले," हिरालाल आचारी म्हणाला, "असली तुमच्यापुढं."

मनोहररावांनी पहिल्या गंजातला तुकडा चावला. धागा थेट दाढेत अडकला आणि डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षं हेच चाललं होतं, हिरड्या ठणकायच्या. पण मटणाचा एवढा मोठा दर्दी, दात दुखतात म्हणून सांगणार कुणाला? हे शंभर टक्के असली.

मग दुसऱ्यातला. रेष दाताखाली ताणली, मटणासारखीच सुटली, रस्सा जिभेवर आला आणि दाढेत? काहीच नाही! अरे बाप्पा! नकली! ओळखलं! त्यांचा हात मिशीला ताव द्यायला गेला, तोच हिरालालनं तो गंज न्यायला कड्याला हात घातला.

मनोहररावांचा हात मिशीवरच थांबला. समोर आचल ओढणीचं टोक पिळत उभी होती. एक शब्द बोलायचा, की हा गंज बायांच्या पंगतीला गेला, तिचा धंदा गेला आणि आपण जन्मभर दाढा चोळत बसायचं.

"ठेव खाली!" ते ओरडले. "हेच असली! ते पहिलं घेऊन जा, सोयाबीन हाय ते!"

"बाबा, हाच माह्या गंज!" आचलनं टुणकन उडी मारली. शिट्ट्या, आरोळ्या, कुणी ताटच बडवलं. मंदाबाईंनी पहिल्या गंजातला तुकडा तोंडात टाकला, नवऱ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि बायांना भरभरून वाढायला घेतलं.

"काका, तुमचे वडील गेले तवाच उतरली होती न ही मिशी?" पंगतीतून पुढं आलेल्या आदेश न्हाव्यानं वस्तरा पाजळत मंदाबाईंकडे पाहिलं.

"उतरव रे बिनधास्त," त्या म्हणाल्या.

मनोहररावांनी तोंड वर केलं, पण हातातला तुकडा काही सोडला नाही.

"सावकाश चालवजो, आदेश," ते चावता चावता म्हणाले. "मले जेवू तं दे."