भिंतीकडची बाजू

मित्रांनो, मी एक म्हातारी लाकडी शिडी आहे. माझ्यावर चढण्यापेक्षा माझ्याकडे बघत बसण्यातच लोकांनी जास्त वर्षं घालवली, हे सांगितलं तर तुम्हाला खोटं वाटेल. पण ऐका, आणि जरा मन घट्ट करून ऐका, कारण ही गोष्ट चांगल्या वळणाने जात नाही.

मला घडवणारा सुतार हाताचा कसबी होता, पण घाईचा. माझ्या एका पायरीच्या लाकडात गाठ निघाली. पायरी बदलायची सोडून त्याने ती उलटी करून बसवली. "पुढून कशी झकास दिसते!" असं म्हणून त्याने मला थाप मारली आणि एका प्राध्यापकांच्या अभ्यासिकेत पोचवलं. तिथे भिंतीतल्या उंच कपाटाला टेकून मी उभी राहिले. झकास बाजू खोलीकडे, गाठ भिंतीकडे.

सर तेव्हा एक नवंच शास्त्र उभं करत होते. त्याला ते फेनॉमेनॉलॉजी म्हणत. इतर विद्वान म्हणायचे, दोन आणि दोन चार ही नुसती मनाची सवय आहे. सरांना या बोलण्याचा भयंकर राग. "उद्या सवय मोडली तर काय पाच होणार आहेत?" असं म्हणून ते टेबलावर हात आपटत. त्यांचं सांगणं असं, की आधी ऐकीव मतं सोडा. समोर जे जसं दिसतं, ते तसंच नीट सांगा. आणि नमुना म्हणून त्यांनी निवडलं कोणाला? मला! विद्यार्थी वह्या घेऊन माझ्यासमोर बसत. मला हलवायचं नाही, हा सरांचा कडक नियम. नाहीतर कालचं वर्णन आजच्याशी कसं जुळणार?

"शिडी खरोखर आहे की नाही, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा," सर म्हणत. "दिसते कशी, तेवढं बोला. आणि लक्षात घ्या, तिची एकच बाजू आपल्याला दिसते. मागची आपण गृहीत धरतो."

दरवर्षी सर हे बोलत, दरवर्षी पोरं ते उतरवून घेत, आणि मागे येऊन कोणी बघत नसे. खोलीतल्या शेगडीच्या धगीने मी सुकत चालले होते. गाठीपासून एक बारीक चीर निघाली होती आणि ती हळूहळू पुढे सरकत होती. मला फार भीती वाटायची.

विद्यार्थ्यांतला एक सरांचा विशेष लाडका. सगळे त्याला थोरला म्हणत. सरांना मूलबाळ नव्हतं; आपल्यामागे हे शास्त्र यानेच चालवावं, एवढी एकच त्यांची इच्छा होती. पण थोरल्याला माझं वर्णन करायचा भारी कंटाळा. तो मधेच उठून धडाधड वर चढे आणि वरूनच म्हणे, "सर, शिडी बघून कळत नाही, चढून कळते. आणि चढताना ती मुळी दिसतच नाही. मोडली, तरच दिसेल." पोरं हसत. माझ्या काळजात मात्र धस्स होई.

एकदा काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, पुस्तक काढून उतरताना म्हणाल्या, "अहो, ही हल्ली कुरकुरते हं."

"कुरकुर कशी ऐकू येते, ते आधी सांग," सर म्हणाले.

"झालं यांचं सुरू!" काकू हसल्या.

"सर, कुरकुरते म्हणजे ती आहे, एवढं तरी मान्य करा," थोरला म्हणाला.

मग जी जुंपली! कुरकुर शिडीत असते की ऐकणाऱ्याच्या कानात, यावर दोघे चहा गार होईपर्यंत भांडले. काकूंनी तो परत गरम करून आणला, आणि माझं तेवढं राहून गेलं.

पुढे थोरल्याने स्वतःचं पुस्तक लिहिलं. पहिल्या पानावर सरांना वंदन आणि पुढच्या पानापानावर सरांना विरोध. ते वाचून सर हबकलेच. भांडण आता हसण्यावारी जाईना. अशात सर निवृत्त झाले आणि त्यांची जागा थोरल्यालाच मिळाली. तो ते सांगायला आला तेव्हा काकू बाहेर गेल्या होत्या.

"मी माझ्या पद्धतीने शिकवणार, सर."

"शिकव की. पण पाटी माझी आणि माल तुझा, असं करू नकोस, पोरा."

"वस्तूकडे नीट बघा, हे तुम्हीच शिकवलंत ना? पण वस्तू तुम्ही केव्हाच सोडलीत. आता नुसतं मन उरलंय तुमच्याकडे."

सरांचा चेहरा पडला. "असं वाटतं तुला? थांब. माझी पहिली व्याख्यानं वर ठेवलीत. दाखवतोच तुला, मी काय म्हटलं होतं ते."

आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सरांनी माझ्यावर पाय ठेवला. नको, सर, नको! पण मला कुठली वाचा? त्यांचं अंग आता जड झालं होतं. थोरला रागाने खिडकीकडे तोंड करून उभा होता. गाठीच्या पायरीवर सरांचा सगळा भार आला, आणि मी मोडले.

थोरला धावला. त्याने सरांचं डोकं मांडीवर घेतलं. "सर! अहो सर, बोला ना!"

सरांनी डोळे उघडले. कमरेखाली त्यांना काही जाणवत नव्हतं. माझ्या मोडक्या तुकड्याकडे त्यांनी बोट केलं. "काय दिसतं? सांग."

ज्याने जन्मात माझं वर्णन केलं नव्हतं, तो रडत रडत सांगू लागला. "चीर आहे, सर. नवी नाही. आतून काळी पडलीय. धूळ बसलीय तिच्यात. बरीच वर्षं..."

"म्हणजे होती," सर म्हणाले.

ते पुन्हा उठले नाहीत. काही महिने अंथरुणात काढून गेले. थोरल्याने मला दुरुस्त करून आपल्या खोलीत नेऊन ठेवलं. तो माझ्यावर चढत नाही आणि कोणाला चढूही देत नाही. त्याचंच म्हणणं खरं ठरलं होतं, मोडले तेव्हाच मी दिसले. पण वर्गात ते वाक्य तो पुन्हा कधी बोलला नाही.

मित्रांनो, वाद खुशाल घाला. पण ज्या वस्तूवरून घालता, तिच्या मागे जाऊन एकदा बघा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचीही न दिसणारी बाजू अशीच बघा. मी तशी जड आहे, मला फिरवायला दोन माणसं लागतात. त्या खोलीत दोन माणसं होती, आणि रोज होती.