रोज नव्याने बिघडणारा पंखा

मित्रांनो, बसा. अगदी समोर नको, केस उडतील; जरा बाजूला बसा. मी एक जुना टेबलफॅन आहे. हिरवा रंग, पत्र्याची पाती आणि पाठीवर एक खुंटी. ती दाबली की मी मान फिरवू लागतो आणि सगळी खोली न्याहाळतो. आजकालचे पंखे एका बोटाने सरकतात. मला उचलायचं तर दोन्ही हात लागतात. हे मी बढाई मारायला सांगत नाही. बरं, थोडी मारायला सांगतो.

कारखान्यात माझी पाती नीट तोलून बसवली, म्हणून वेगात असलो तरी मी थरथरत नाही. तिथून मी आलो शिवणकाम करणाऱ्या काकूंच्या खोलीत. काकूंचं आणि छताच्या पंख्याचं कधीच जमलं नाही. तो लावला की कागदी नमुने खोलीभर उडायचे. बाही खिडकीत, कॉलर कपाटावर. म्हणून त्यांनी मला शिवणयंत्राजवळ जमिनीवर बसवलं. वर कापड हलू नये आणि खाली काकूंच्या पायांना वारा लागावा, एवढंच माझं काम. "याचा वारा अगदी शहाणा आहे," असं त्या गिऱ्हाइकांना सांगायच्या. ते ऐकून मी उगाचच एकदा जास्त मान फिरवत असे.

अशी बरीच वर्षं सुखात गेली. मग माझी मान कुरकुरू लागली आणि एका उन्हाळ्यात ती अडकलीच. काकूंनी मला जुन्या चादरीत गुंडाळलं आणि कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात नेलं. दुकान नवरा-बायकोचं. त्याला सगळे दादा म्हणत, तिला वहिनी.

"दादा, लवकर दे रे बाबा. शाळा सुरू व्हायच्या आत गणवेशांचा ढीग उपसायचाय. पोरं काय जुन्या कपड्यांत जाणार पहिल्या दिवशी?"

"उद्या न्या, काकू," दादा म्हणाला, आणि अगदी मनापासून म्हणाला.

संध्याकाळच्या आत त्याने माझा दांडा ज्यात फिरतो तो झिजलेला बुश बदलला, मानेला ग्रीस लावलं आणि मला चालू केलं. वर्षानुवर्षं जाळीत साठलेली धूळ भस्सकन उडाली ती थेट दादाच्या मिशांत. दादाने अशी दणदणीत शिंक दिली की फळीवरचा पाना खाली पडला. आणि वहिनींनी हे सगळं फोनवर टिपलं.

तेव्हा एका ॲपने जाहीर केलं होतं, की पोस्टी टाका, लोकांनी पाहिल्या की आम्ही तुम्हाला पैसे देऊ. आता दुरुस्तीला येतंय कोण? वस्तू बिघडली की लोक नवीच आणतात. दुकान रिकामंच असायचं, म्हणून वहिनी इस्त्र्या, मिक्सर, दारावरच्या घंटा, जे हाती येईल त्याच्या पोस्टी टाकायच्या. बघणारा एकटा त्यांचा भाऊ. पण माझी पोस्ट पडली मात्र, आकडा वर वर चढायला लागला.

"अहो, बघा! आपण चाललो!"

"कुठे चाललो? दुकान कोण बघणार?" दादाने विचारलं.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या. मी चकचकीत पुसून तयार होतो. पण सकाळीच ॲपने वहिनींना सांगितलं होतं, की लोकांना हे आवडलंय, असंच रोज टाका. थांबलात तर मागे पडाल. दादाने मान खाजवली, वहिनींकडे पाहिलं आणि म्हणाला, "काकू, एक पार्ट यायचाय." मित्रांनो, मी विजेवर चालतो, पण असा झटका मला कधी बसला नव्हता.

मग सुरू झाली माझी रोजची सजावट. वहिनी मला टाल्कम पावडर फासायच्या, वरून काजळी. एखाद्या नवरीला नटवायला लागत नसेल एवढा वेळ मला मळवायला लागायचा. दादा माझे चांगले घट्ट स्क्रू ढिले करायचा, कॅमेऱ्यासमोर चेहरा गंभीर करून पुन्हा घट्ट करायचा. घोडं अडायचं ते शिंकेपाशी. ती काही हुकमावर येईना. शेवटी त्याने मिरपूड हुंगली, तर थांबता थांबेना. अख्खी पोस्ट शिंकांतच संपली आणि आलेलं एकुलतं एक गिऱ्हाईक मागच्या मागे पळालं.

खरं सांगतो, सुरुवातीला मला मजा वाटली. कुठल्या पंख्याच्या नशिबी एवढं कौतुक असतं? पण हळूहळू मी खट्टू झालो. हजारो लोक मला फिरताना पाहत होते, आणि वारा त्यांतल्या एकालाही लागत नव्हता. ज्यांना लागायला हवा होता त्या काकू रोज येऊन रिकाम्या हाताने परत जात होत्या.

आणि पैसे? ॲप म्हणालं, बघणारे अजून वाढवा. वाढले. मग म्हणालं, पोस्ट लांब करा. लांब केली, तर म्हणालं, लोक शेवटपर्यंत बघत नाहीत, छोटी करा. सगळं करून झाल्यावर एके दुपारी निरोप आला: "हा मजकूर नवा नाही. तुमचीच जुनी पोस्ट पुन्हा टाकल्यासारखी दिसते. पैसे मिळणार नाहीत."

दादा हातातल्या फोनवरच खेकसला. "असंच रोज टाका म्हणणारे हेच, आणि रोज हेच का टाकता म्हणणारेही हेच!"

वहिनींनी तक्रार पाठवली. बोट उचलायच्या आत उत्तर हजर: "आम्ही सखोल विचार केला."

"सखोल? एवढ्या वेळात मला माझा चष्मा सापडत नाही!" दादा म्हणाला.

तेवढ्यात काकू आल्या. खांद्यावर गणवेशांची भलीमोठी पिशवी, कपाळावर घाम. त्यांनी सरळ स्टूल ओढलं, मला उचलून जमिनीवर ठेवलं, विजेची पिन लावली आणि चपला काढून पाय पुढे केले. मी जीव तोडून फिरलो. काकूंनी डोळे मिटले, "हुश्श" केलं आणि पिशवीतून सुई-दोरा काढला.

"काकू, तो पार्ट अजून..." दादा पुटपुटला.

"येऊ दे की सावकाश. तोवर मी इथेच बसते. गणवेश मागायला आलेल्या बाईंनीच मला फोनवर दाखवलं, बघा म्हणे पंखेवाला कसा हसवतो! बघते तर माझाच पंखा भिरभिर फिरतोय, आणि मी घरी घामाने थबथबतेय. कापडावर डाग पडू नयेत म्हणून दर दोन टाक्यांनी हात पुसते रे मी."

दादाचे कान लाल झाले. वहिनी खाली मान घालून म्हणाल्या, "चुकलं आमचं, काकू."

"चुकलं ना? मग बटणं लावा. ढीगभर राहिलीत."

वहिनींनी फोन फळीवर ठेवला आणि सुई घेतली. दादाही बसला. आयुष्यभर मोटरवर तांब्याची तार गुंडाळलेला माणूस तो. त्याने बटणावर दोरा तसाच गुंडाळला, वेढ्यावर वेढा, एकही मोकळा न सोडता. काकूंनी ओढून पाहिलं, वहिनींनी ओढून पाहिलं. बटण ढिम्म हलेना आणि काजातूनही जाईना.

"अरे, हे बटण आहे की मोटरचं वाइंडिंग?" काकू म्हणाल्या आणि हसत सुटल्या. वहिनींना हसू आवरेना. दादा आधी रुसला, मग तोही हसला. फळीवर फोन टुणटुणला. आज पोस्ट का नाही, असं ॲप विचारत होतं. कुणी उठलं नाही. मी तिघांकडेही आळीपाळीने मान फिरवत राहिलो. एवढा शहाणा वारा मी जन्मात दिला नव्हता.

संध्याकाळी दादाने मला स्वतः घरी पोचवलं. गणवेश वेळेत झाले. शाळेच्या पहिल्या दिवशी एका मुलाचं कसंबसं काजात घुसवलेलं बटण म्हणे घरी येईपर्यंत उघडेना. ते कुणी लावलं होतं, हे मी सांगणार नाही.

मित्रांनो, आमची काळजी घ्या, जाळी पुसा, तेल घाला. आमचे फोटोही खुशाल काढा. मी मान वळवून ऐटीत उभा राहीन. फक्त फोन उचलण्याआधी एकदा खोलीभर नजर फिरवा, आणि कुणाला उकडत असेल तर मला आधी त्याच्याकडे वळवा.