प्रेसवरचा लाल हात

वाळूजच्या आमच्या कारखान्यात, कुठल्या मशीनवर किती धोका ते दाखवणारा नकाशा भिंतीवर होता. चौकटी, बाण, आकडे, सगळं इंग्रजीत. त्याच्याखाली आम्ही डबे ठेवायचो. मग वरून हुकूम आला, नकाशा कामगारांना समजेल असा करा.

सेफ्टीचे मुकुंद साहेब कामाला लागले. आम्हाला विचारतंय कोण? नकाशातला धोका मशीनवरच दाखवायला पुण्याहून स्टिकर आले. जिथं धोका जास्त, तिथं पाची बोटं पसरलेला लाल हात. सगळ्यात मोठा बन्सीच्या पत्रा ठोकायच्या प्रेसवर. माणसाचा हात आत जाऊ नये म्हणून जी जाळी असते, ती त्या प्रेसवरनं केव्हाच मोडून पडलेली. जाळी बसवली नाही, स्टिकर चिकटवलं.

बन्सी नवा, ठेक्यावरचा, दौलताबादकडच्या खेड्यातला. त्याच्याकडं नवं घर झालं की बायका दाराशी कुंकवाचे हात उमटवतात. तो रोज पाळीच्या आधी त्या लाल हाताच्या पाया पडायचा. खंडेनवमीला झाडणाऱ्या सरूबाईनं त्या स्टिकरला झेंडूचा हार घातला.

साहेबांनी फोटो काढून मीटिंगच्या पडद्यावर दाखवला. "बघा, लोकांनी नकाशा आपलासा केला." टाळ्या पडल्या.

मी बाहेर त्यांना गाठलं. "साहेब, बन्सी त्याला शुभ समजतोय."

"भावना पोचली ना, कारभारी?"

"भावना पोचली, धोका नाय पोचला. खाली मराठीत लिहा, हात तुटतो."

"पाहुणे येणारेत. असलं घाणेरडं नको."

घाणेरडं म्हणे. तुटलेला हात चालतो, लिहिलेला चालत नाही.

मी बन्सीकडं गेलो. "हा आशीर्वाद नाय रं. इथं हात जातो, असं सांगतोय त्यो."

"मस्करी करता व्हय मामा?"

मी माझ्या हातमोज्यात चिंध्या कोंबल्या, मोजा प्रेसखाली ठेवला आन् पेडल दाबलं. बोटं कागदासारखी चपटी झाली. बन्सीनं मोजा उचलला, उलटापालटा केला.

"जाळी बसवा," तो म्हणाला. "तवर मी हात घालणार नाय."

मशीन थांबली तसे साहेब धावत आले. "कुणी घाबरवलं ह्याला?"

"समजंल असं सांगा, असा हुकूम होता ना. मी सांगितलं."

"काम बंद पाडा असं नव्हतं सांगितलं."

ठेकेदारानं बन्सीला तिथल्या तिथं काढलं. गेटपर्यंत मी सोबत गेलो. डबा काखेत मारत त्यानं विचारलं, "मामा, जाळी असलेली प्रेस कुठल्या कारखान्यात हाय? तिथं जातो."

इतकी वर्षं वाळूजमध्ये काढली. त्याला सांगायला एक नाव तोंडात येईना.